काळ्या मातीतल्या कॉलेजनं आधी छताकडे बघावं

गावाकडच्या कॉलेजात हरित परिसराचं काम वृक्षारोपणानं सुरू होतं, आणि कॉलेजांची गुणवत्ता तपासणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनाच्या सुमारास सोलर पॅनल बसतात. दोन्ही हवंच. पण अमरावती, यवतमाळ, वाशीमकडे एप्रिल-मेमध्ये झाडं, संडास, कूलर आणि वसतिगृह बहुतेक वेळा एकदोन बोअरच्या भरवशावर असतात. म्हणून पहिला पैसा छताच्या पाण्यावर घालावा, असं आमचं ठाम मत आहे.

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर छतावर 1 मिमी पाऊस पडला की 1 लिटर पाणी. वर्षाला 800 मिमी पाऊस धरला आणि वाया जाणारं 20 टक्के सोडलं, तर 1000 चौरस मीटरच्या स्लॅबवरून 6 लाख 40 हजार लिटर मिळतं. म्हणजे 10 हजार लिटरचे 64 टँकर.

हे पाणी सोडायचं कुठे, हे जमिनीखाली काय आहे त्यावर ठरतं. सगळ्यात जास्त पैसा इथंच वाया जातो. काळ्या मातीत शोषखड्डा खणला तर पहिल्या दोन पावसांत माती फुगते, भेगा बंद होतात आणि खड्डा आठवडाभर तुंबून डासांचं घर होतो. खड्डा मुरूम लागेपर्यंत खाली गेला नाही, तर तो खणूच नये. आवारात जुनी विहीर असेल तर तिच्यासारखी जागा नाही. मात्र ती सेप्टिक टँकपासून किमान 15 मीटर दूर हवी.

विहिरीआधी गाळणी लागते. साधारण 400 चौरस मीटर छतामागे 2 मीटर लांब, रुंद आणि खोल असा विटांचा हौद पुरतो. तळाशी 50 सेंमी गोटे, त्यावर 40 मिमीच्या गिट्टीचा 40 सेंमी थर, मग 20 मिमीच्या गिट्टीचा 30 सेंमी, मग नायलॉनची जाळी आणि सगळ्यात वर 40 सेंमी जाड रेती. वरचे 40 सेंमी पाणी उभं राहायला मोकळे ठेवायचे. जाळी वगळली की रेती गिट्टीत उतरते आणि गाळणी नावालाच उरते. तळातून निघालेला पाइप विहिरीत पाण्याच्या पातळीपर्यंत खाली न्यावा. वरूनच धार सोडली तर बांधकामामागची माती सुटते.

स्लॅबवरून उतरणारे पाइप कमी पडणं ही दुसरी नेहमीची चूक. ताशी 100 मिमीच्या जोराच्या पावसात 100 मिमी व्यासाचा एक पाइप जेमतेम 85 चौरस मीटर छताचं पाणी उतरवतो. हजार मीटरच्या छताला तीन पाइप लावले तर पाणी कठड्यावरून वाहून जाणारच.

उन्हाळ्यातल्या वावटळींनी स्लॅबवर काळ्या मातीची बारीक धूळ बसते, वर कबुतरांची घाण. मृग लागायच्या आत छत झाडून घ्यावं आणि पहिल्या पावसाचे 2 मिमी, म्हणजे हजार मीटरला 2 हजार लिटर, उतरत्या पाइपाच्या टी-जोडावरचं झाकण काढून बाहेर सोडावेत. हे झाकण कोण उघडणार, त्या माणसाचं नाव जूनच्या आधीच ठरलेलं असावं. उन्हासाठी छताला चुना मारला असेल तर पहिले दोन-तीन पाऊस तसेच जाऊ द्यावेत, नाहीतर चुना धुऊन गाळणीत बसतो. पावसाळ्यात उघडीप मिळाली की रेतीचा वरचा 2-3 सेंमी थर खरवडून, धुऊन परत टाकायचा. हे टळलं की गाळणी तुंबते आणि लोक म्हणतात, योजनाच फसली.

खारपाणपट्ट्यात, दर्यापूर-मूर्तिजापूरकडे, हा सगळा विचार बदलतो. तिथं खाली खारं पाणी आहे, गोडं पाणी त्यात सोडून काही साधत नाही. तिथं टाकंच हवं. 300 विद्यार्थी, माणशी 3 लिटर पिण्याचं पाणी, फेब्रुवारी ते मे 120 दिवस: 1 लाख 8 हजार लिटर. म्हणजे 6 बाय 6 बाय 3 मीटरचं टाकं. ते भरायला 800 मिमी पावसात 170 चौरस मीटर छत लागतं. पाऊस अर्धाच झाला तरी भरावं म्हणून 340 धरा. टाकं काळ्या मातीत टेकवू नका. पाया मुरमापर्यंत न्या आणि बाजूची भरतीही मुरमाचीच करा, नाहीतर माती फुगून भिंत तडकते. झाकण असं हवं की आत उजेड जाणार नाही, म्हणजे शेवाळ धरत नाही. पिण्याआधी ब्लीचिंग पावडर बादलीत विरघळवून टाका आणि अर्ध्या तासानं क्लोरीन तपासा. लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम उरलेलं असावं.

आता कूलर. एक लिटर पाणी उडताना जवळपास 0.67 युनिट वीज होईल इतकी उष्णता ओढून घेतं, म्हणून आपल्या कोरड्या उन्हाळ्यात कूलरवरचं पाणी वाया गेलं असं मी म्हणणार नाही. वाया जातं ते अडकलेल्या बॉल कॉकमुळे, रात्रभर ओव्हरफ्लो होऊन. सुटीच्या आदल्या दिवशी प्रत्येक कॉक बंद करायचा. आठवड्याला टाकी रिकामी करून आतल्या भिंती घासायच्या, कारण डेंग्यूच्या डासाची अंडी भिंतीला चिकटतात, नुसतं पाणी बदलून जात नाहीत. हे उरलेलं पाणी क्षारांनी जड झालेलं असतं. ते झाडांना घालू नका, संडासात वापरा.

झाडांचं काम विहिरीनं पाणी धरल्यानंतर. कडुनिंब, करंज, पळस, बेहडा ही आपल्या मातीतली झाडं लावा. खड्डे मेमध्येच 60 सेंमीचे खणून तापू द्या आणि दोन उन्हाळे पाणी देता येईल तेवढीच रोपं लावा.

काम जमलं का, हे बघायला वजन बांधलेली दोरी पुरते. विहिरीच्या कठड्यापासून पाण्यापर्यंतचं अंतर दर महिन्याच्या 1 तारखेला, पंप सुरू करायच्या आधी मोजायचं. शेजारच्या एखाद्या शेतातल्या विहिरीचंही मोजायचं, म्हणजे वाढ पावसानं झाली की आपल्या पाइपानं, हे कळतं. भूगोल विभागाच्या मुलांना हे काम द्या आणि आकडे नोटीस बोर्डावर लावा.