तिले वाचू दे ना

हिंदी सिनेमातल्या प्रेमाची सर्वांत कडक समीक्षा मी ज्या बाईकडून ऐकली, तिला अक्षरओळख नव्हती. आजीला आम्ही मोठी माय म्हणायचो. गल्लीत टीव्ही एकाच घरी होता, त्यामुळे चित्रहार लागला की निम्मी गल्ली त्या घरात. मोठी मायही यायची, पण पदरात भुईमुगाच्या शेंगा घेऊन. नुसतं बसून काही बघणं तिला पाप वाटायचं. पडद्यावर कुणीतरी कुणाच्या तरी मागे बागेतून, डोंगरातून, नाहीतर तलावाच्या काठाकाठानं हिंडत असायचं. शेंग फोडता फोडता ती मान वर करायची आणि विचारायची, "हाऊ गडी तिना मांगे काब्र फिरी ऱ्हायना? याले वावरमा काम नई का?"

एकदा 'आराधना'तलं ते जीपमधलं गाणं लागलं होतं. सिनेमा १९६९ चा, आम्ही बघत होतो पुष्कळ वर्षांनी. राजेश खन्ना उघड्या जीपमधून मान तिरकी करून गातोय, शेजारून दार्जिलिंगची छोटी गाडी चाललीय आणि खिडकीत शर्मिला टागोर पुस्तक वाचत बसलीय. आम्ही पोरी राजेश खन्नाकडे बघत होतो. मोठी माय म्हणाली, "पोर वाची ऱ्हायनी, तिले वाचू दे ना!"

सगळे हसले. पण जिला कधी शाळेत घातलं नाही, तिला त्या एवढ्या गाण्यात पुस्तक दिसलं. आता मला ते गाणं बघताना दुसरं काही दिसतच नाही. अर्थात त्या गाण्याचा गुन्हा फार मोठा नाही. तो बिचारा 'कब आएगी तू' असं विचारतो तरी. विचारतो म्हणजे उत्तराला जागा ठेवतो. आणि किशोरकुमार असा गायलाय की मोठ्या मायची हरकत मान्य करूनही आवाज कमी करावासा वाटत नाही. जुन्या गाण्यांची खरी पंचाईत हीच आहे. चाल मनात बसते आणि चालीच्या पदराआडून शब्द घरात येतात.

कॉलेजसाठी मी गावाहून जळगावला ये-जा करायला लागले तेव्हा 'दिल' नुकताच येऊन गेला होता, १९९० चा. त्यातल्या एका गाण्यात मुलगी खांबासारखी उभी आहे, ही मुलगी आहे की छडी, असं विचारलंय. स्टँडवरच्या पोरांना हे गाणं म्हणजे आयता परवाना. आता दुपारच्या उन्हात बस वेळेवर न आल्यावर माणूस खांबासारखा नाही तर कसा उभा राहणार? आम्ही मुली गोल करून, पोरांकडे पाठ करून उभ्या राहायचो. काळी-पिवळी मिळाली तर तिच्यातही कॅसेट तीच. ड्रायव्हर आरशातून मागे बघत आवाज वाढवायचा. घरी यातलं काही सांगायची सोय नव्हती. सांगितलं असतं तर कॅसेट बंद झाली नसती, कॉलेज बंद झालं असतं.

बाईच्या मागे मागे फिरणं, तिनं नको म्हटल्यावरही पिच्छा पुरवणं, हा आपल्या कायद्यात २०१३ पासून वेगळा गुन्हा आहे. आधी भारतीय दंड संहितेत ३५४-ड होतं, आता न्याय संहितेत ७८ वं कलम आहे. पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद. म्हणजे आमच्या तरुणपणच्या निम्म्या गाण्यांचे नायक आज वकील शोधत हिंडले असते. मोठी माय वीस-पंचवीस वर्षं आधीच निकाल देऊन मोकळी झाली होती.

'डर' आला १९९३ मध्ये. त्यातल्या त्या गाजलेल्या गाण्यात प्रेमिक सरळच सांगतो की तू हो म्हण नाहीतर नाही म्हण, तू माझीच आहेस. यात गीतकारावर राग धरण्यात अर्थ नाही. आनंद बक्षींनी ते पात्र ओळखून लिहिलं. सिनेमात तो माणूस वेडापिसा झालेला आहे, नायिका त्याच्या भीतीनं अर्धमेली झालीय, आणि सिनेमाचं नावच भीती आहे. आणखी काय सांगायचं? पण गाणं सिनेमात राहत नाही. ते सुटतं आणि बॅण्डवाल्याच्या हाती लागतं. मग वरातीत नवऱ्या मुलाचे मित्र एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून तेच म्हणतात, आणि घोड्यावरचा नवरदेव लाजतो. त्याला खलनायकाचं गाणं मिळालंय, हे त्याला कुणी सांगत नाही.

त्याच वर्षी त्याच आनंद बक्षींचं दुसरं एक गाणं दिल्लीच्या कोर्टापर्यंत गेलं होतं. 'खलनायक'मधलं, चोळीचं. देशात त्यावर केवढा गदारोळ! गायल्या दोन बायका, अलका याज्ञिक आणि इला अरुण. प्रश्न चावट होता, पण उत्तर साधं होतं, की तिथे माझं काळीज आहे. दोघींना त्यासाठी फिल्मफेअरही मिळालं. पुढच्या वर्षी 'खुद्दार'मध्ये एक मुलगी स्वतःबद्दल गाता गाता जो शब्द वापरत होती, तो काढून त्याजागी 'बेबी' घालावं लागलं. बाई स्वतःच्या अंगाबद्दल आपणहून बोलली की संस्कृती बुडाली. पुरुष म्हणाला, तुझ्या होकार-नकाराशी मला देणंघेणं नाही, तर ते प्रेमगीत. या हिशेबात कुठेतरी खोट आहे, असं तेव्हा आमच्या घरात कुणालाच वाटलं नाही. वडिलांनी चोळीचं गाणं लागताच टीव्ही बंद केला होता. 'डर'चं मात्र ते दाढी करताना गुणगुणायचे.

आणि १९९४ मध्ये जळगावातलं ते प्रकरण उघडकीला आलं. मुलींना फसवून, त्यांचे फोटो काढून त्यांच्यावर धाक बसवल्याचं. देशभरच्या वर्तमानपत्रांत आमच्या जिल्ह्याचं नाव झळकलं. गाण्यांमुळे ते घडलं असं मी म्हणणार नाही, तेवढी ताकद गाण्यांत नसते. पण ते घडल्यावर काय झालं ते मला आठवतं. माझ्या मावसबहिणीचं कॉलेज सुटलं. तिच्या मैत्रिणीचं लग्न घाईनं उरकलं. पोरं स्टँडवर होती तिथेच होती. त्या वर्षी त्यांच्या तोंडी 'मोहरा'तलं गाणं होतं, ज्यात मुलीला 'चीज' म्हटलंय.

गोऱ्या गालांबद्दल फार बोलत नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकणाऱ्या मुलखात गोरे गाल कुठून आणायचे? आमच्याकडे दुपारी बाहेर पडणारी प्रत्येक पोरगी ओढणीत असं तोंड बांधून घेते की 'बाज़ीगर'मधल्या त्या गाण्यातले फक्त काळे काळे डोळे शिल्लक राहतात. एवढंच म्हणते की काळ्या पुरुषासाठी, काळा असलो तरी दिलदार आहे, असं गाणं मेहमूदच्या तोंडी १९६५ मध्येच आलं होतं. काळ्या पोरीला अजून वाट बघावी लागतेय. अलीकडे डीजेवर अहिराणी गाणी वाजतात, आपली बोली भोंग्यातून ऐकून ऊर भरून येतो, आणि मग बऱ्याच गाण्यांत पोरगी पुन्हा नुसती नटून नदीकडे चाललेली असते.

हे असं काही बोललं की आमचे दाजी, म्हणजे मोठ्या बहिणीचे यजमान, हमखास म्हणतात, "अहो, तो काळच तसा होता." दाजी भला माणूस आहे, आणि जुन्या गाण्यांचा पक्का. पण त्यांचं घर असोद्याहून फार लांब नाही, म्हणून मी त्यांना तिकडंच नेते. असोदा हे बहिणाबाई चौधरींचं माहेर, जळगाव सासर. १८८० चा जन्म, लिहिता-वाचता येत नव्हतं, जात्यावर आणि वावरात जे सुचलं ते गायल्या. १९५१ मध्ये वारल्या, आणि गाणी पुस्तकात आली १९५२ मध्ये. तरुणपणीच वैधव्य आलेली ही बाई म्हणते:

जरी फुटल्या बांगड्या, मनगटी करतूत

कुंकू पुसलं, बांगड्या फुटल्या, पण मनगट माझं आहे आणि त्यात कर्तबगारी आहे. हे कुठल्या काळातलं म्हणायचं? 'तो काळ' यांनाही होताच ना! आणि सिनेमातच बघायचं तर १९५८ मध्ये 'साधना'त साहिर लुधियानवींनी लिहिलं की बाईनं पुरुषांना जन्म दिला आणि पुरुषांनी तिला बाजार दिला. लता मंगेशकर ते गायल्या आणि देशानं ऐकून घेतलं. तेव्हा १९५८ मध्ये एवढं सुचत होतं आणि १९९० मध्ये छडी सुचली, यात काळाचा दोष कितीसा? दाजी यावर म्हणतात, "चहा घ्या."

तरी बायका काही मुकाट्यानं ऐकत बसल्या होत्या असं समजू नये. आमची मामी पाहिली असती तर कळलं असतं. 'नसीब अपना अपना' १९८६ चा. त्यात बायको गाते की भला असो, बुरा असो, जसा आहे तसा माझा नवरा माझा देव आहे. ऐकूनच अंगावर काटा यावा असं गाणं. मामीचं ते सर्वांत लाडकं. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्याकडे लेकीबाळी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, घरात सांजोऱ्या होतात, खापरावर पुरणपोळ्या होतात. आणि पुरुष पत्ते खेळतात. दोन-दोन दिवस खेळतात. मामा पहाटे हरून, मान खाली घालून अंगणात पाऊल टाकायचे, की चुलीपाशी बसलेली मामी उंच आवाजात तेच गाणं सुरू करायची. 'भला है' पटकन उरकायची आणि 'बुरा है' वर ठाण मांडायची. पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या सुरांत. शेजारच्या अंगणातून कुणीतरी साथ द्यायची. 'देवता' शब्दावर तर ती अशी थांबायची की मामा न आंघोळ करता गोठ्याकडे निघून जायचे. गीतकारानं बायकोला पायाशी बसवलं होतं, मामीनं त्याच शब्दांनी नवऱ्याला उठवलं. पण प्रत्येक घरात मामी नसते, आणि जिथे नसते तिथे ते गाणं जसं लिहिलंय तसंच लागू होतं.

दाजींच्या धाकट्या लेकीचं, माझ्या भाचीचं लग्न यंदा फाल्गुनात झालं. मुलगा पुण्याचा. बॅण्डमास्तर गाण्यांची यादी ठरवायला आले तेव्हा भाचीनं मला शेजारी बसवलं. मला वाटलं, ती आता सगळ्यावर काट मारणार. पण तिनं हळदीसाठी 'जुम्मा चुम्मा'सुद्धा ठेवलं. "मावशी, नाचायला ठेका तर लागेल ना. नाचताना कोण अर्थ लावतं?" 'डर' तिनं काढलं. आणि पाठवणीचं 'बाबुल की दुआएं' काढलं, तेव्हा मास्तर खुर्चीत सरळ होऊन बसले.

'नीलकमल', १९६८. पडद्यावर बलराज साहनी बाप, आवाज रफीसाहेबांचा, शब्द पुन्हा साहिरचेच. खानदेशातली एकही पाठवणी त्याच्याशिवाय होत नाही. 'माहेरची साडी' १९९१ मध्ये आला, बायकांनी तंबूतल्या टॉकीजमध्ये पदर भिजवले, तेव्हा काही वर्षं त्यातलं बहिणीचं गाणं पुढे होतं. मग पुन्हा बाबुल.

मास्तर म्हणाले, "ताई, हे नाही वाजवलं तर पाहुणे रडतील कसे? लोक म्हणतील, बॅण्ड कच्चा आहे."

"त्यात बाप काय म्हणतो ते ऐकलंय का?" भाची म्हणाली. "सासरी इतकं प्रेम मिळो की माहेरची कधी आठवणच न येवो. का नको यायला? मला येऊ दे की!"

मी त्या गाण्यावर आजवर ढसाढसा रडलेय, माझ्या स्वतःच्या लग्नात तर काजळ हनुवटीपर्यंत आलं होतं. आणि हा आशीर्वाद केवढा कोरडा आहे, हे मला कधी जाणवलं नव्हतं. ज्या मुलखात लेकीला माहेरी आणायला मुराळी धाडतात, सासुरवाशिणी आखाजीची वाट बघत वैशाखापर्यंत दिवस ढकलतात, तिथे बाप म्हणतो, आठवण नको येऊ दे! बहिणाबाईंनी याच्या उलट सांगून ठेवलंय, लेकीच्या माहेरासाठी माय सासरी नांदते. लेकीला परत यायला घर असावं म्हणून आई आयुष्य काढते. दाजी इतका वेळ गप्प होते. त्यांचं ते आवडतं गाणं. चष्मा पुसत म्हणाले, "चाल तरी राहू द्या."

तोडगा निघाला. गाडीवरचा गायक गप्प बसेल, फक्त क्लॅरिनेट वाजेल. पण चाल सुरू झाल्यावर मामी थोडीच गप्प बसते! पंचाहत्तरी उलटलेली मामी गाडीच्या दाराशी जाऊन उभी राहिली आणि त्याच चालीवर, अर्ध्या हिंदीत अर्ध्या अहिराणीत, जावईबापूंना सांगू लागली की आखाजीले पोरले धाडा, झोका बांधी ठेवाऊत, अन् तुम्हीबी या, पन पत्ते खेळानं नई. पाहुणे रडत होते तेही हसायला लागले. मास्तरांचं तोंड पडलं.

नवरदेवानं काच खाली करून विचारलं, "आखाजी म्हणजे नक्की कधी असते?"

दाजींनी खिशातून मोबाइल काढला आणि त्याला तारीख, महाराष्ट्र एक्सप्रेसचं तिकीट आणि डब्याचा नंबर दाखवला.