साडेसहाचं पोटॅशियम

मंगळवारी डायलिसिसआधीचा रिपोर्ट आला: पोटॅशियम ६.६, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रोटीन) २.९, फॉस्फरस ६.१. औसा तालुक्यातले हे काका, वय ५८, ड्राय वेट, म्हणजे अंगातलं जास्तीचं पाणी काढल्यावरचं वजन, ४८ किलो. लातूरला आमच्याकडं मंगळवार-शुक्रवार येतात. शुक्रवार ते मंगळवार चार दिवसांचं अंतर पडतं, त्यामुळं मंगळवारी पोटॅशियम चढलेलं असतंच, पण त्यांचं ५.३ च्या पुढं कधी गेलं नव्हतं. रक्त काढताना पेशी फुटल्या तरी आकडा खोटा वाढतो, म्हणून नमुना पुन्हा पाठवला. ६.५. डॉक्टरांनी ईसीजी बघून लगेच मशीनला लावलं. मी आहारतज्ज्ञ, त्यामुळं जेवणाचा माग काढणं माझ्याकडं आलं.

सून सोबत होती. "केळं नाही, नारळपाणी नाही, टमाटेसुद्धा बंद केलेत, मॅडम." भाजी बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकळून, पाणी फेकून. शेंगदाण्याची चटणी ताटात येत नाही. सगळं बरोबर. अशा घरी प्रश्न विचारून हाती काही लागत नाही, वस्तूच बघाव्या लागतात. मशीन चार तास चालणार होतं. मुलाला फोन केला आणि तो मोटारसायकलवर गावाहून पिशवी घेऊन आला. ताकदीच्या पावडरचा डबा, रोजचा चमचा, मसाले, मीठ, गोळ्या.

आधी डबा. पुढं मोठ्या अक्षरात 'किडनीच्या रुग्णांसाठी', मागं बारीक अक्षरात 'डायलिसिसवर नसलेल्यांसाठी'. १०० ग्रॅममध्ये प्रोटीन ८ ग्रॅम. आठ महिन्यांपूर्वी, डायलिसिस सुरू व्हायच्या आधी, तो बरोबरच होता. तेव्हा प्रोटीन किलोमागे ०.६ ग्रॅमच्या आसपास ठेवायचं असतं आणि उष्मांक पुरवायचे असतात. डायलिसिस सुरू झाला की गणित उलटतं. दर वेळी सहा-आठ ग्रॅम अमिनो ॲसिड मशीनमधून निघून जातात आणि गरज किलोमागे १ ते १.२ ग्रॅमवर जाते. म्हणजे काकांना ४८ ते ५८ ग्रॅम. मेडिकलवाला मात्र जुना डबा दाखवला की तसाच नवा देतो.

डब्यातलं माप हरवलेलं, त्यामुळं पोह्याच्या चमच्यानं दोन चमचे. काट्यावर तोलले तर १४ ग्रॅम भरले. प्रोटीन सव्वा ग्रॅमसुद्धा नाही! दोन भाकरींचे १२, भाताचे ४, पातळ वरणाचे ३, पावडर कालवायच्या पेलाभर दुधाचे ६. सगळं मिळून २६. 'ताकदीची पावडर चालू आहे' म्हणून घर निर्धास्त होतं. अल्ब्युमिन संसर्गानं, सुजेनंही उतरतं, ते डॉक्टरांनी वेगळं तपासलं. पण २६ ग्रॅमवर ते टिकणारही नव्हतं.

पावडरीनं पोटॅशियम मात्र एवढं चढत नाही. मिठाचं पाकीट उलटं केलं. लो सोडियम. घटकांत पोटॅशियम क्लोराइड, २० टक्के.

"बीपीला हेच चांगलं म्हणला दुकानदार," सून म्हणाली. "तीन आठवडे झाले."

काकांच्या जेवणात दिवसाला ५ ग्रॅम मीठ पडत होतं. त्यात १ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे शुद्ध पोटॅशियम जवळपास ५२० मिलिग्रॅम. दिवसाला साधारण २००० ची मर्यादा सांगितलेल्या माणसाला वरून एवढं. भाजी उकळून जे बाहेर काढलं, ते फोडणीनंतर परत आत. तिची मेहनत खरी होती, म्हणून ते सांगताना मलाच अवघड गेलं.

गोळ्यांत आणखी एक सापडलं. फॉस्फरसची सेव्हेलॅमर ते सकाळी उपाशीपोटी घेत होते, कारण 'सगळ्या गोळ्या सकाळी'. ती गोळी अन्नातला फॉस्फरस आतड्यातच धरून ठेवते. पोटात अन्न नसेल तर धरणार काय? पहिल्या-दुसऱ्या घासाबरोबरच घ्यायची.

काका माळकरी. अंड्याचा पांढरा भाग सगळ्यात सोपा, एकाला साडेतीन ग्रॅम आणि फॉस्फरस नावाला. पण तो विषयच नाही. म्हणून ३० ग्रॅम मूगडाळीचं घट्ट वरण, डाळ भिजवून पाणी फेकून (७ ग्रॅम), घरचं पनीर ५० ग्रॅम (९), दही १०० ग्रॅम (३). भाकरी-भात तेवढाच. पावडर डायलिसिसवाली, १०० ला १८ ग्रॅमची, ३५ ग्रॅम दोनदा. बेरीज ४८ च्या जवळ. पावडर दुधात नको, दुधाचं पोटॅशियम-फॉस्फरस फुकट वाढतं. १०० मिली पाण्यात आधी थोडी पेस्ट करून मग पातळ करायची, नाहीतर गुठळ्या होतात आणि अर्धी पेल्याला चिकटून राहते. ते २०० मिली दिवसाला ठरवून दिलेल्या ८०० मिली पाण्यातच धरायचे. मशीनवर असताना जेवल्यावर त्यांचं बीपी उतरतं, म्हणून त्या दिवशीचं पावडरचं माप मशीनवरून सुटल्यानंतर. उष्मांकासाठी वरणावर करडईच्या तेलाची फोडणी जरा सढळ.

मीठ साधं आयोडीनचं, रोज सकाळी ५ ग्रॅम तोलून छोट्या डबीत. काकांची भाजी त्या डबीतूनच.

पाकीट उचलत सून म्हणाली, "हे आत्याबाईंना चालंल की, त्यांची किडनी चांगलीय." त्यांच्या बीपीच्या गोळीचं नाव विचारलं. टेल्मिसार्टन. तीही पोटॅशियम वाढवते. पाकीट माझ्याच टेबलावर राहिलं.