पणजोबांच्या चित्रांची वाटणी

गिरगावातली आमची चाळ रिडेव्हलपमेंटला गेली आणि माळा रिकामा करताना पणजोबांचा चित्रांचा अल्बम खाली आला, तेव्हापासून घरात एकच विषय चालू आहे, कुणाला कुठलं चित्र. काकांना मलबार हिलवरून दिसणारा समुद्र पाहिजे, चुलतभावाला किल्ला पाहिजे, एक वहिनी म्हणाली की मला कुठलंही चालेल पण सोफ्याच्या वर बसेल एवढं आडवं हवं. आत्या गप्प. मी मात्र पहिल्या दिवसापासून म्हणतोय की अल्बम फोडायचा नाही, आणि त्यामुळे सध्या मी सगळ्यांचा नावडता आहे. तर माझं म्हणणं जरा सविस्तर इथे लिहितो, व्हॉट्सॲप ग्रुपवर एवढं लांब कोणी वाचत नाही.

पणजोबा सरकारी बांधकाम खात्यात ट्रेसर होते, म्हणजे नकाशे गिरवून देणारे, नंतर ड्राफ्ट्समन, म्हणजे नकाशे काढणारे झाले. त्याआधी काही काळ जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, ग्रिफिथ्स साहेब मुख्य होते तेव्हा, म्हणजे ज्यांनी विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करून घेतल्या तेच. पूर्ण वेळ चित्रकार व्हायची ऐपत नव्हती, घर चालवायचं होतं, म्हणून ऑफिस, आणि रविवारी रंगांची पेटी घेऊन बाहेर. अल्बममधला कागद उजेडासमोर धरला की आत ‘जे. व्हॉटमन’ असा वॉटरमार्क दिसतो आणि खाली १८९१ साल. भारी विलायती कागद आहे हा, ट्रेसरच्या पगारात परवडण्यातला नाही, तेव्हा तो ऑफिसातून उरलासुरला आला असणार असा माझा अंदाज आहे आणि काकांना हा अंदाज अजिबात आवडत नाही.

आता असे अल्बम करायची पद्धत मुळात साहेब लोकांची. ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करातल्या इंजिनियर आणि तोफखान्याच्या पोरांना लंडनजवळ ॲडिस्कोंबला एक कॉलेज होतं, १८०९ ते १८६१, तिथे ड्रॉइंग हा रीतसर विषय होता, कारण घाट, किल्ला, नदीचा उतार हे बघून पटकन काढता येणं ही लढाईची गरज होती. तेच लोक मग सुट्टीत महाबळेश्वरला गेले की तोच हात चालवायचे, त्यांच्या बायका, बहिणी पण काढायच्या, आणि सगळं एका वहीत चिकटवून विलायतेला घरी पाठवायचं, की बघा आम्ही कुठे राहतो. पेशाने चित्रकार असलेले पण होतेच. जेम्स वेल्स १७९१ ला मुंबईत आला, त्याने सवाई माधवराव आणि नाना फडणवीसांची चित्रं काढली, मुंबई बेटाचे बारा देखावे काढले, ते छापून आले १८०० साली आणि तोपर्यंत तो माणूस जाऊन पाच वर्षं झाली होती. त्याच्याच काळात पुण्यात गंगाराम तांबट नावाचा आपला माणूस मॅलेट साहेबासाठी, म्हणजे पेशव्यांच्या दरबारातल्या इंग्रज वकिलासाठी, वेरूळची लेणी काढत होता. त्याची चित्रं आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत आणि आपल्याकडे त्याचं नाव किती जणांना माहितीय हा प्रश्न मी विचारत नाही, उत्तर माहितीय.

या साहेबी देखाव्यांचा एक साचा असायचा. एका बाजूला मोठं झाड, पुढे तपकिरी दगड, मधे पाणी नाहीतर देऊळ, लांबचा डोंगर निळा, आणि माप कळावं म्हणून दोन चिमुकली माणसं, बहुतेक वेळा पाठमोरी. आमच्या पणजोबांनी हा साचा घोटून घोटून शिकलाय हे पहिल्या पाचसहा पानांत लगेच दिसतं. डाव्या कडेला झाड आहेच, ते नसलं की त्यांना बहुतेक चैन पडत नसावी. पण मग हळूहळू त्यांच्यातला ड्राफ्ट्समन डोकं वर काढतो. राजाबाई टॉवरच्या चित्रात खाली पेन्सिलने २८० फूट असं लिहिलंय, जसं काही कोणी बिल पास करणार आहे. मलबार हिलवरून काढलेल्या चित्रात (मरीन ड्राइव्ह अर्थातच नाही, ते पुढच्या भरणीनंतरचं, इथे पाणी रेल्वेलाइनच्या जवळपर्यंत आलंय) लांब गिरण्यांची धुराडी नीट एकेक मोजून काढलीत, धुरासकट. साहेबाने ती झाडामागे लपवली असती. मला हीच चित्रं सगळ्यात आवडतात आणि सोफ्यावर लावायला ती कोणालाच नकोत.

बरं, मुख्य मुद्दा. अल्बम फोडायचा नाही तर का नाही.

पानांच्या क्रमात गोष्ट आहे. सुरुवातीची बरीच पानं मुंबईची आहेत, शिवडी, परळ, वाळकेश्वर, माहीमच्या नारळीच्या बागा. परळच्या गिरण्यांचं चित्र येतं आणि पुढचं पान उलटलं की एकदम सुवर्णदुर्ग. आगबोटीवरून काढल्यासारखा, पाण्यातून वर आलेला, पुढे पाडाव (मोठी होडी) भरून माणसं किनाऱ्याकडे चाललीत, कारण हर्णैला आगबोट खोल पाण्यात थांबायची आणि पाडावात उतरून जावं लागायचं. त्यानंतर सलग कोकणच आहे, आमच्या गावची विहीर, पायवाट, गोठा. मागे मोडीत शके १८१८ मार्गशीर्ष. आत्याच्या ओळखीच्या एका मोडीवाल्या बाईंनी वाचून दिलं तेव्हा आम्ही इंग्रजी महिना काढला, तो डिसेंबर १८९६ निघाला आणि मग डोक्यात प्रकाश पडला, प्लेग! १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीला पहिले रोगी सापडले आणि त्या हिवाळ्यात लाखो माणसं मुंबई सोडून गावाकडे पळाली. पणजोबा पण पळाले, रंगपेटी घेऊन. घरात ही गोष्ट कोणालाच माहीत नव्हती, आजोबांनी कधी सांगितली नाही. सुवर्णदुर्गाचं चित्र काढून चुलतभावाच्या हॉलमध्ये लावा आणि परळचं बोरिवलीला पाठवा, संपलं, मग तो नुसता एक किल्ला आणि ही नुसती एक गिरणी.

चित्रं विकणारे परदेशात हेच करतात म्हणून आपण शिव्या देतो, जुना अल्बम लिलावात घ्यायचा, सुटा करायचा आणि एकेक पान वेगळं विकायचं कारण सुट्याला जास्त पैसे येतात. आपण फुकटात तेच करणार.

दुसरं म्हणजे मागची बाजू. पणजोबांनी जवळजवळ प्रत्येक चित्रामागे मोडीत काहीतरी लिहिलंय, वारा कुठला, रंग लगेच वाळतो की नाही, बरोबर कोण होतं, विहिरीचं पाणी मचूळ. फ्रेम केली की ते कायमचं भिंतीकडे तोंड करून बसणार.

आणि रंगांबद्दल तर पुरावाच घरात आहे. फार पूर्वी मोठ्या काकांनी एक चित्र अल्बममधून काढून फ्रेम केलं होतं, खिडकीसमोरच्या भिंतीवर वर्षानुवर्षं होतं, आम्ही त्याला लहानपणापासून ‘संध्याकाळचं चित्र’ म्हणायचो, गुलाबीसर आकाश. आता ती फ्रेम उघडली तर पुठ्ठ्याच्या माउंटखाली झाकलेली कडेची पट्टी चक्क निळी-करडी! म्हणजे ती संध्याकाळ नव्हतीच, ढगाळ दुपार होती. जुने लोक ढगाळ आकाशासाठी निळीत थोडा तांबडा मातीचा रंग मिसळायचे, उजेडाने नीळ उडून जाते, तांबडा तसाच राहतो आणि आकाश लाजल्यासारखं होतं. हे तेव्हाही माहीत होतं, रसेल आणि ॲबनी या दोघांनी जलरंग उजेडात कसे उडतात याचा अख्खा सरकारी रिपोर्ट १८८८ मध्ये लंडनला दिला होता. अल्बममधली आकाशं अंधारात राहिली म्हणून अजून निळी आहेत. एका चित्रातला चंद्र मात्र आतल्या आतच काळा पडलाय, तो शिशाच्या सफेत्याचा दोष, हवेतल्या गंधकाने तो काळा होतो. जाणकार लोक तो परत पांढरा करू शकतात पण घरी कोणी कापूस आणि औषध घेऊन बसू नये, कृपया, काकू.

मग करायचं काय. मी सुचवलंय की सगळी पानं दोन्ही बाजूंनी स्कॅन करायची, अल्बम न उसवता, आणि ज्याला जे पाहिजे त्याचं चांगल्या कागदावर प्रिंट काढून फ्रेम करायची, वहिनींना सोफ्याच्या मापाचं सुद्धा मिळेल. मूळ अल्बम आत्याकडे, पेटीत आडवा, डांबरगोळ्या न टाकता. खळीने चिकटवलेला असल्यामुळे कसर लागायची भीती आहे, दोन कोपरे खाल्लेत, तर अधूनमधून उघडून बघायला लागेल आणि ते काम आत्याएवढं मन लावून दुसरं कोणी करणार नाही. काका अजून तयार नाहीत. त्यांचं म्हणणं प्रिंट ती प्रिंट.

स्कॅन करताना आणखी एक भांडण निघालं ते वेगळंच. शिवडीच्या किल्ल्याच्या पानानंतर एक खाडी आहे, मिठागरांचे चौकोन, दोन गलबतं आणि मागे एकटा डोंगर. मागच्या बाजूला फक्त ‘रविवार, ओहोटी’. मी म्हणतो हे वडाळ्याकडचं मिठागर आणि मागे तुर्भ्याचा डोंगर. चुलतभाऊ म्हणतो उरण, तिथेही मिठागरं आणि मागे द्रोणागिरी. मी त्याला म्हटलं अरे आधीचं पान शिवडी, पुढचं परळ, मधेच एका रविवारी माणूस होडीत बसून उरणला कशाला जाईल? तर तो म्हणाला सासुरवाडीला. आणि आत्याने लगेच मान डोलावली, पणजीचं माहेर उरणचंच.