आपल्या हरिहरेश्वरासारखं

भाच्याचा व्हिडिओ आला तेव्हा मी कैऱ्या किसत होते. तो आइसलंडला गेलाय. डिरहोलाय नावाचं भूशिर, काळाकभिन्न कडा, खाली वाळूही काळीच, आणि कड्याचं टोक जिथे समुद्रात शिरतं तिथे दगडात आरपार कमान. वाऱ्यापुढे त्याचं बोलणं काही ऐकू येत नव्हतं. मी हात पुसून लिहिलं, "अगदी आपल्या हरिहरेश्वरासारखं आहे रे."

आमच्या घराण्यातच आहे हे. वडील काश्मीर बघून "महाबळेश्वरच, थंडी तेवढी जास्त" म्हणाले होते. काकूला नायगारासमोर आंबोलीचा धबधबा आठवला, आणि आंबोलीला निदान गरम कणीस तरी मिळतं, हेही.

भाचा चिडलाच. "मावशी, या कमानीखालून बोटी जातात. १९९३ मध्ये एक छोटं विमान गेलंय आरपार!" जाऊ दे की. तो अख्खा कडा समुद्राखालच्या उद्रेकातून वर आलेला, वय जेमतेम लाखभर वर्षं. आपला काळा दगड साडेसहा कोटी वर्षांचा. दोन्हीकडे लाव्हाच, पण वयाला काही मान आहे की नाही?

हरिहरेश्वरला आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, मग पुन्हा काळभैरव. आणि प्रदक्षिणा घालायची ती नुसत्या देवळाला नाही, अख्ख्या डोंगराला. देवळामागून थोडं चढायचं, मग दोन कड्यांमधल्या अरुंद खिंडीतून पायऱ्या थेट समुद्रावर उतरतात. पुढची वाट खडकावरून, आणि ती फक्त ओहोटीला.

त्यामुळे निघायची वेळ आजी ठरवायची. कालनिर्णयात तिथी बघायची आणि तिची पाऊणपट करायची. "आज षष्ठी. म्हणजे साडेचारला भरती. दहा-सव्वादहाला पाणी पार आत गेलेलं असेल, तेव्हा तिथे पोचायचं." बाबांचा चहा, काकांची दाढी, कुणाची चप्पल, कशाकशासाठी आजी थांबायची नाही. समुद्राची वेळ पाळायची म्हणजे पाळायचीच. आजही तिथे पाटी वाचून "एवढं काही नाही होत" म्हणत पुढे जाणारे लोक दिसले की मला त्यांचा दंड धरून मागे ओढावंसं वाटतं. त्या खडकांवरून लाटेने माणसं नेलेली आहेत.

खाली उतरलं की डाव्या-उजव्या भिंतींना आंबोळीला पडते तशी जाळी. काही भोकांत बोट जायचं, काहींत माझी अख्खी मूठ. खारं पाणी दगडाच्या बारीक छिद्रांत शिरतं, सुकतं, मिठाचे खडे फुगतात आणि दगडाचा कण न् कण सुटत जातो, हे फार पुढे कळलं. तेव्हा आत खेकडा असेल या भीतीने मूठ घालायची आणि चटकन काढायची, एवढाच खेळ. मागून आत्याचं चालूच असायचं, "तो बघ गणपती! ती सोंड! अगं तिथे नाही, वर बघ." मला आजतागायत कुठल्याही खडकात गणपती दिसलेला नाही. पण "दिसला" म्हटल्याशिवाय आत्या पुढे सरकायची नाही, आणि आजी तर घड्याळ बघत असायची. म्हणून म्हणायचं, दिसला.

कमानी तशा टिकत नाहीत. लाटा भूशिराला दोन्ही अंगांनी पोखरतात, आतल्या आत दोन गुहा भेटल्या की कमान होते, आणि मग एक दिवस छत खाली येतं. माल्टाजवळच्या गोझो बेटावरची अझुर विंडो, लोक जगभरातून तिच्यासमोर फोटो काढायला जायचे, ती ८ मार्च २०१७ ला वादळात गेली. छतही गेलं आणि खांबही.

हरिहरेश्वरला कमान असल्याचं मला तरी आठवत नाही. कपारी आहेत, गुहा आहेत. म्हणजे आपलं काम अजून चालू आहे, असं भाच्याला कळवून टाकलंय.