०१ वर्ग, १:८७ : सांगाडा उभा, चाकं फिरती

जर्मन राइशबानचं (जर्मनीची तेव्हाची सरकारी रेल्वे) ०१ वर्गाचं वाफेचं एंजिन १:८७ मापाच्या मॉडेलमध्ये करायला घेताना पत्रा कापण्याआधी एंजिनाचा नंबर ठरवावा लागतो. १९३८ पर्यंत नवी २३१ एंजिनं बांधली गेली आणि लांबून ती जुळी वाटतात, पण ०१ ०७७ पासून बॉयलरच्या नळ्या ५८०० वरून ६८०० मिमी झाल्या आणि तेवढा स्मोकबॉक्स (बॉयलरपुढचा धुराचा कप्पा) आखूड झाला. ०१ १०२ पासून पुढच्या बोगीची (एंजिनाच्या पुढच्या टोकाखालचा चार छोट्या चाकांचा गाडा) चाकं ८५० ऐवजी १००० मिमीची, ब्रेक जास्त ताकदीचे, आणि वेगमर्यादा १२० वरून १३० किमी. जुना बॉयलर आणि मोठी बोगीचाकं असं एंजिन कारखान्यातून बाहेर पडलंच नाही. इथे ०१ १०२ नंतरचं, तिसाच्या दशकातलं रूप घेतलंय. त्यामुळे धूर वळवणारे पत्रे वाग्नर पद्धतीचे, मोठे. विटे (Witte) पद्धतीचे छोटे पत्रे युद्धानंतरचे, ते इथे चालणार नाहीत.

रचना आपल्या भारतीय रेल्वेच्या डब्ल्यूपी एंजिनासारखीच, ४-६-२ : पुढे चार छोटी चाकं, मधे सहा मोठी, मागे दोन. सुरुवातीला दोन सिलिंडरांच्या ०१ बरोबर चार सिलिंडरांची कंपाउंड (तीच वाफ दोनदा वापरणारी) ०२ सुद्धा दहा बांधून तुलना केली होती. देखभालीला सोपी म्हणून ०१ टिकली आणि दहाही ०२ पुढे ०१ मध्ये बदलल्या गेल्या. मॉडेल करणाऱ्याचाही त्यात फायदाच आहे. चाकांच्या आत क्रँक नाही, मोठ्या चाकांचे तिन्ही धुरे सरळ.

मूळ सांगाडा १०० मिमी जाडीच्या पट्ट्यांचा, म्हणजे इथे १.१५ मिमी. १.२ मिमीचा पितळी पत्रा चालून जातो. या पट्ट्यांमधून आणि बॉयलरखालून आरपार उजेड दिसतो, ०१ ची अर्धी ओळख तिथेच आहे. म्हणून मोटर मागे फायरबॉक्समध्ये (कोळशाच्या भट्टीच्या जागी) ढकलली आणि गिअर तिसऱ्या धुऱ्यावर घेतला. मापाने १३० किमी म्हणजे सेकंदाला ४१.५ सेंमी. चाक २३ मिमीचं, म्हणजे मिनिटाला साधारण ३४५ फेरे. ३०:१ चा वर्म (स्क्रूसारखा गिअर) लावला तर मोटर मिनिटाला १०,३०० च्या आसपास फिरावी लागते. त्याहून जलद मोटर घेतली तर गाडी नुसती पळते, हळू चालत नाही.

धुऱ्यांमधलं अंतर २३०० मिमी, इथे २६.४. सांगाड्याचे दोन्ही बाजूंचे पत्रे आणि साइड रॉड (मोठी चाकं एकमेकांना जोडणारे दांडे) एकावर एक डाख देऊन जोडा, भोकं एकाच वेळी पाडा, मग डाख सोडवा. वेगवेगळी पाडली की ०.१ मिमीचा फरकही अडतो. अडतंय कुठे ते बघितलं की दोष कळतो. कुठल्याही एका बाजूची क्रँक पिन (चाकावरची, रॉड अडकवायची पिन) बरोबर पुढे किंवा मागे असताना अडलं, तर रॉडचं अंतर चुकलंय. दोन्ही बाजूंच्या पिना तिरक्या, ४५ अंशांवर असताना अडलं, तर त्या धुऱ्यावरच्या डाव्या-उजव्या पिनांमधला ९० अंशांचा कोन हललाय. दुसऱ्या दोषात रॉडचं भोक मोठं करत बसू नका. चाक धुऱ्यावर किंचित फिरवा. पहिल्यात १.५ मिमीच्या पिनेला १.६ चं भोक पुरतं.

शेजारच्या दोन चाकांच्या कडांमध्ये ३.४ मिमी उरतात. पण मॉडेलचे फ्लँज (चाकाच्या आतल्या बाजूची उंच कड) १.२ मिमी उंच, त्यामुळे आतल्या बाजूला उरतो जेमतेम १ मिमी. ब्रेकचे ठोकळे पितळेचे केले आणि एखादा जरा आत सरकला की चाकाला टेकून शॉर्ट सर्किट. प्लास्टिकचे करावेत आणि फ्लँजच्या रेषेबाहेरच ठेवावेत.

सध्या अडलंय ते बोगीपाशी. १००० मिमीची चाकं इथे ११.५ मिमी, जुन्यांपेक्षा १.७ ने मोठी, आणि सिलिंडर नेमका दोन चाकांच्या मधे. ६०० मिमी त्रिज्येच्या वळणावर बोगीचं मागचं चाक सिलिंडरच्या आतल्या कोपऱ्याला घासतं. बाजारातल्या मॉडेलांवर लहान चाकं लावून हे टाळलेलं दिसतं. ते केलं तर मग ०१ १०२ निवडण्यात अर्थच राहत नाही. कोपरा आतून ०.५ मिमी कानशीने उतरवला, वर इपॉक्सीचा पातळ थर दिला. शॉर्ट थांबला, घासणं डावीकडच्या वळणावर अजून आहे. बोगीच्या पिनेची खाच लांबवून बघायची, आणि ते जमेपर्यंत व्हॉल्व्ह गिअरला (सिलिंडरात वाफ सोडणाऱ्या झडपा चालवणारे दांडे) हात लावायचा नाही.