माहलर, मामा आणि कुकरच्या शिट्ट्या

ठाण्याला तीन दिवस राहून आले. येऊरला जायचं होतं, राहिलं. नेरूळच्या खाडीकडे फ्लेमिंगो बघायचे होते. लोकलच्या खिडकीतून लांबवर काहीतरी गुलाबी दिसलं, पण ती पिशवीही असू शकेल. तलावपाळीला एक फेरी झाली, कोपिनेश्वराचं दर्शन झालं, मामलेदारची मिसळ खाऊन डोळ्यांतून पाणी आलं. संपलं प्रवासवर्णन. उरली शनिवारची दुपार, आणि ती लिहून काढल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

आधी तक्रार. सांगलीहून रात्रीची बस घेतली होती, तिकिटावर स्वच्छ 'ठाणे' छापलेलं. पहाटे पावणेपाचला क्लीनरने हलवून उठवलं. "ताई, कळंबोली. उतरा, गाडी पुढं जात नाही." का जात नाही, ते त्याने सांगितलं नाही आणि झोपेच्या तारेत मीही भांडले नाही. त्याच्यापेक्षा स्वतःचाच राग जास्त आहे. मग रिक्षाने मानसरोवर स्टेशन आणि तिथून ठाण्याची लोकल. रिकामा डबा, गार वारा, ऐरोलीच्या आसपास उजाडलेलं. मे महिन्यातलं ठाणे मला एवढंच सुखाचं वाटलं. त्यानंतर तीन दिवस नुसता घाम.

मामा वर्तकनगरला राहतो. वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीच्या स्टोअरमध्ये त्याने एकतीस वर्षं नोकरी केली आणि शनिवार-रविवारी ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवलं. ऑर्केस्ट्रा म्हणजे आपला ऑर्केस्ट्रा: चुटके सांगणारा निवेदक, हुबेहूब आवाज काढणारा गायक, ऑक्टोपॅड आणि मागच्या रांगेतून वन्स मोअर. मामाच्या मनात मात्र दुसराच ऑर्केस्ट्रा होता: पाश्चात्त्य अभिजात संगीताचा, ज्याच्यासमोर कंडक्टर काठी हलवत उभा असतो. लग्नाआधी त्याने आजीला सांगितलं होतं, "मला कंडक्टर व्हायचंय." आजीने विचारलं, "यष्टीत का बेष्टात?" हा किस्सा आमच्या घरात प्रत्येक लग्नात सांगतात. मामा प्रत्येक वेळी हसतो. तो का हसत असेल, याचा विचार मी या वेळी पहिल्यांदा केला.

त्याला माहलर, म्हणजे गुस्टाफ माहलर हा ऑस्ट्रियन संगीतकार, लागला तो फोर्टच्या फुटपाथवर घेतलेल्या एका जुन्या रेकॉर्डमुळे. माहलरची दुसरी सिंफनी (सिंफनी म्हणजे अख्ख्या वाद्यवृंदासाठी लिहिलेली, अनेक भागांची मोठी रचना), १९७५ सालचं ध्वनिमुद्रण, वादक व्हिएन्ना फिलहार्मोनिकचे आणि समोर काठी घेऊन उभा झुबिन मेहता. "आपल्या मुंबईतला पारशी पोरगा," मामा अजून असंच म्हणतो. पोरगा १९३६ सालचा आहे. १९५४ साली, अठराव्या वर्षी, तो शिकायला व्हिएन्नाला गेला. मामा अठराव्या वर्षी ठाण्यातच टायपिंगच्या क्लासला गेला.

शनिवारी दुपारी जेवणाआधी मामाने सोफ्यावर थोपटून मला बसवलं. "तिसरी लावतो. मध्ये बोलायचं नाही, उठायचं नाही." किती वेळ, विचारलं तर म्हणाला, "शंभर मिनिटं. पहिला भागच अर्ध्या तासाच्या वर आहे." मी पंख्याखालची जागा पकडली. पाहुणचाराची ही कुठली पद्धत, हे मनात.

बोलायचं नाही हा नियम फक्त मला होता. रेकॉर्ड लागायच्या आधी आणि मग प्रत्येक दोन भागांच्या मधल्या शांततेत मामा बोलत राहिला. माहलर १८६० साली बोहेमियातल्या, म्हणजे आजच्या चेक देशातल्या, एका खेड्यात जन्मला. बापाचा दारूचा गुत्ता. लवकरच घर हललं त्या इग्लाऊ गावात लष्कराची छावणी, त्यामुळे बँडची बिगुलं आणि मार्च पोराच्या कानात कायमचे बसले. "पुढे त्याच्या प्रत्येक सिंफनीत कुठून तरी एक बँड जातोच." पहिली नोकरी १८८० च्या उन्हाळ्यात, बाड हाल नावाच्या गावात, ऑपेरेटाच्या, म्हणजे हलक्याफुलक्या संगीतनाटकांच्या, थिएटरात. तिथून लायबाख, ओल्म्युट्झ, कासेल, प्राग, लाइपझिग, बुडापेस्ट, हॅम्बुर्ग. ऐकताना मला एसटी महामंडळाच्या बदल्यांची यादी ऐकल्यासारखं वाटलं. शेवटी १८९७ मध्ये व्हिएन्नाच्या दरबारी ऑपेराची गादी. त्यासाठी ज्यू धर्म सोडून कॅथलिक व्हावं लागलं, तेव्हा कुठे दार उघडलं. दहा वर्षं त्याने तिथे हुकूमत गाजवली. भाडोत्री टाळ्या वाजवणाऱ्यांना हाकललं, उशिरा येणाऱ्यांना दाराबाहेर थांबवलं.

"आणि आपल्या गडकरीत?" मामा उसळून म्हणाला. "पहिला अंक निम्मा झाला तरी मोबाइलच्या उजेडात खुर्च्या शोधत असतात!"

मला खरा धक्का बसला तो पुढच्या गोष्टीने. एवढ्या सिंफन्यांतल्या बहुतेक या माणसाने फक्त उन्हाळ्याच्या सुट्टीत लिहिल्या. सप्टेंबर ते जून दुसऱ्यांची गाणी-नाटकं उभी करायची, गायकांची भांडणं सोडवायची, आणि जून संपला की बाडबिस्तारा आवरून तळ्याकाठी पळायचं. ऑस्ट्रियातल्या स्टाइनबाखला आटर तळ्याच्या काठावर त्याने एक खोली बांधून घेतली होती. टेबल, पियानो, खिडक्या. पहाटेपासून दुपारपर्यंत त्या खोलीत कोणी फिरकायचं नाही. १८९५ च्या सुट्टीत तिसरीचे मागचे पाच भाग झाले. १८९६ मध्ये पहिला भाग लिहायला गेला, तर कच्ची पानं हॅम्बुर्गलाच विसरला! ती मागवून घ्यावी लागली. घरच्यांची सुट्टी जायची ती त्याच्या आसपासचा गोंगाट थोपवण्यात: पोरं, पाखरं, रस्त्यावर पेटी वाजवत फिरणारे.

तर, तिसरा भाग सुरू होता. त्यात एक जागा येते, जिथे सगळा वाद्यवृंद दबक्या आवाजात थांबल्यासारखा होतो आणि पडद्यामागून, फार लांबून, पोस्टहॉर्न ऐकू येतो. टपालगाडीचं शिंग. मला झोप येत होती हे कबूल करते, पण त्या सुराने मी सरळ बसले. उन्हात रखरखलेल्या माळावरून कोणीतरी आपल्या नावाने हाक मारत जावं आणि आपल्याला दिसू नये, तसं काहीतरी. मामाने डोळे मिटले होते. उजवा हात गुडघ्यावर अगदी थोडा हलत होता.

आणि स्वयंपाकघरातून कुकरची शिट्टी झाली.

लांबलचक, ओली, भरघोस शिट्टी. मामा उडालाच. "अगं, काय हे! दहा मिनिटं थांबता येत नाही?"

मामी पदराला हात पुसत दारात आली. आवाज चढवला नाही तिने. "ते तुमच्या सहावीत गाईंच्या घंटा वाजवतात, त्या चालतात. शेवटी हातोडा आपटतात, तोही चालतो. माझीच शिट्टी तेवढी चालत नाही? बटाटे आहेत, अजून दोन होणार."

आणि झाल्या की दोन. पोस्टहॉर्न मधूनमधून येत राहिला, शिट्ट्याही. मी उशीत तोंड खुपसून हसले. घंटा आणि हातोडा दोन्ही सहाव्या सिंफनीत खरंच आहेत, हे मी नंतर तपासलं. हातोड्याचे घाव आधी तीन होते, तिसरा माहलरने स्वतःच काढून टाकला. मामीला हेही माहीत होतं. चौतीस वर्षं कणीक मळता मळता तिने हे सगळं ऐकलंय, आणि तिला कोणी सोफ्यावर थोपटून बसवलेलं नाही.

शेवटचा भाग संथ आहे, वीस मिनिटांच्या वर. त्याबद्दल मी काही लिहिणार नाही. आमरस-पुरी जेवताना तिघंही गप्प होतो, एवढंच.

संध्याकाळी उपवन तळ्यावर गेलो. सकाळी सहाला जा म्हणून सगळे सांगतात, आम्ही साडेसहाला पोचलो ते संध्याकाळच्या. ही गर्दी! सेल्फीवाले, कणीसवाले, फुगे, हॉर्न, कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक. मी येऊरच्या डोंगराचा फोटो काढायला मोबाइल वर केला तर मामा म्हणाला, "तिकडे बघू नकोस." मग हसला. स्टाइनबाखला एकोणीस वर्षांचा ब्रूनो वॉल्टर हा तरुण कंडक्टर माहलरला भेटायला आला, तळ्यामागचा उभा कडा बघत राहिला, तेव्हा माहलर त्याला म्हणाला होता की तिकडे बघायची गरज नाही, ते सगळं मी लिहून टाकलंय.

मी फोटो काढलाच. त्यात अर्धा डोंगर आणि अर्धा फुगेवाला आला.

मग विचारलं, "तुझ्या फाइलीचं काय झालं?" कपाटात वरच्या खणात, पासबुकांखाली एक निळी फाइल आहे. तंतुवाद्यांसाठी मामा स्वतः काहीतरी लिहितोय, चौदा पानं झालीत, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. तेव्हा ती अकरा होती.

"वाजवायला माणसं कुठायत? व्हायोलिनवाले मिळतील. व्हियोला कोण आणणार ठाण्यात?"

"पण लिहायला काय हरकत आहे? आठ वर्षं झाली रिटायर होऊन. आता वर्षभर सुट्टीच आहे."

"वर्षभर असली तर ती सुट्टी कुठली," मामा म्हणाला आणि कणीसवाल्याकडे वळला. लिंबू जास्त लावायला सांगितलं. कणीस जळलेलं होतं आणि चाळीस रुपयाला एक.

या उत्तराचा मला संताप आला. अजूनही येतो. माहलर गेला तेव्हा पन्नास वर्षांचा होता. बहुतेक काम वर्षाकाठी दोन-तीन महिन्यांत, तरी नऊ सिंफन्या पुऱ्या झाल्या आणि दहावी अर्धी. मामा बाहत्तरचा आहे. मी हे बोलले नाही. म्हणजे माझ्या हिशेबाच्या वहीत काय आहे ते मलाही माहीत आहे. हा ब्लॉग मी चौदा महिन्यांनी उघडलाय.

सोमवारी निघाले. मामा खाली रिक्षापर्यंत आला, मामी डबा घेऊन मागोमाग.

"आता दिवाळीत ये," मामा म्हणाला. "दिवाळीचे पाच दिवस मी फाइल काढतो."

"दिवाळीत? फटाक्यांत?"

"सवय पडलीय. कंपनीची सुट्टी तेव्हाच असायची."

"खिडक्या लावून घेतो आम्ही," मामीने डबा माझ्या मांडीवर ठेवत सांगितलं. "जिन्यातल्या पोरांना चकल्या देते आणि पलीकडच्या बिल्डिंगीत फटाके उडवायला पाठवते. किलोभर जास्तच करावी लागते चकली."

रिक्षावाल्याने मीटर पाडलं.