पान १४३

पुस्तक चार घरं फिरून परत आलं. आत कदंब बसचं म्हापसा-पणजी तिकीट होतं, कव्हराला आषाढातली बुरशी होती आणि १४३ व्या पानाच्या कडेला हळदीचा एक अंगठा उमटला होता. तिकीट कुणाचं ते ओळखलं. अंगठ्याचा पत्ता लागेना.

पुस्तकाचं नाव मुद्दाम सांगत नाही, नाहीतर तुम्हीही बाजू घ्याल. एका मुलीनं वडिलांच्या आजारपणावर लिहिलंय. पक्षाघात, सात वर्षं अंथरूण. १४३ व्या पानावर रात्री तिसऱ्यांदा चादर बदलताना तिच्या मनात येतं, सुटले तर बरं. आणि लगेच पुढे ती लिहिते : ते सुटावेत की मी, हे तेव्हा तपासलं नाही.

आमच्याकडे पुस्तक मराठीत वाचतात आणि त्यावरून भांडतात कोंकणीत. शेजारच्या काकींनी ते माझ्या टेबलावर जवळजवळ आपटलंच. "हें सगळें बरोवपाची कितें गरज आशिल्ली?" म्हणजे, हे सगळं लिहायची काय गरज होती? काकींनी सासूबाईंचं नऊ वर्षं केलं. पेज भरवण्यापासून सगळं, आणि तेही घरातला गणपती, श्राद्धपक्ष, मुलांच्या परीक्षा सांभाळून. घरातलं घरात राहावं, हा त्यांचा मुद्दा. मग हळूच दुसरा मुद्दा आला : "मी नऊ वर्षं केलं. मला कुणी सांगितलं का, पुस्तक लिही म्हणून?" पहिला मुद्दा रागाचा होता, दुसरा कशाचा होता ते मला नक्की सांगता येणार नाही. १९९० साली सुनीताबाईंचं 'आहे मनोहर तरी' आलं, तेव्हाही काकी अशाच तावातावाने भांडल्या होत्या, पुलंच्या बाजूने. पुलंनी वकीलपत्र दिलेलं नसताना.

चुलतभाऊ वीस वर्षं दुबईत असतो. चवथीला आला तेव्हा त्यानं दोन दुपारी वाचून संपवलं आणि म्हणाला, "एकतर्फी आहे. दर रविवारी फोन करणाऱ्या त्या भावाची बाजू कुठे आहे यात?" मी नेवऱ्या तळत होते. तेल फार तापलंय, असं म्हणून गॅसकडे वळले.

त्याची सोळा वर्षांची मुलगी मात्र खो खो हसली. पथ्यावर असलेले आजोबा उशीखाली पेढे लपवतात, त्यावर. वडिलांनी डोळे वटारले तर म्हणाली, "अहो, तिनंच विनोदी लिहिलंय!" खरंच लिहिलंय. आम्ही मोठ्यांनी ते वाचलंच नव्हतं.

सर्वांत वेगळं वाचलं माझ्या मैत्रिणीनं. ती गोमेकॉतून, म्हणजे बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेज इस्पितळातून, नर्स म्हणून निवृत्त झाली. गोव्यात 'बांबोळीला नेलंय' एवढं म्हटलं की ऐकणारा पुढचं विचारत नाही. ही बाई तिथे रोज डबा घेऊन जायची. पुस्तक भावनिक आहे की नाही, याच्याशी तिला घेणंदेणं नव्हतं. हातात पेन्सिल. 'दर दोन तासांनी कूस बदलायला हवी होती.' 'भरवताना डोकं वर.' 'उशी टाचेखाली नको, पोटरीखाली. टाच अधांतरी.' लेखिकेला पाठीवरच्या जखमेचं दुःख आवरेना आणि ही समासात बिचारीच्या चुका काढतेय, असं वाटून मला आधी रागच आला. १४३ व्या पानावर काय लिहिलं असेल म्हणून पाहिलं. काही नाही. त्या ओळीशेजारी फक्त बरोबरची छोटी खूण, औषध दिल्यावर नर्स तक्त्यावर करते तशी.

माझं म्हणाल, तर पहिल्या वाचनात १४२ संपताच मी पान उलटलं. पुढचं पान डोळ्यांसमोरच होतं, 'चादर' हा शब्द दिसला आणि हात पुढे गेला. १९८६ साली बाबा पणजीला मांडवीसमोरच्या जुन्या गोमेकॉत होते. ती इमारत आता इफ्फीची, चित्रपट महोत्सवाची. नोव्हेंबरात मी तिथे जाते, गळ्यात पास अडकवून रांगेत उभी राहते, चहा पिते. दोन दिवसांनी मी मागे जाऊन ते पान वाचलं. त्याबद्दल कुणाशी बोलले नाही. मैत्रिणीनं विचारलं तेव्हा म्हटलं, भाषा छान आहे.

काल तिन्हीसांजेला काकी पदराला हात पुसत आल्या. मला वाटलं, विरजण हवं असेल.

"तें पुस्तक दोन दीस परत दी गो. चष्मो बदल्ला म्हजो."

मी कपाटातून काढून दिलं. उंबऱ्यातच उभं राहून, बल्बच्या उजेडात त्यांनी ते उघडलं. पान शोधावं लागलं नाही.